किडनीचा जुनाट आजार असलेल्या मुलाला किती जपायचं? नागपूरच्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकतो. जन्मतःच लघवीच्या नळीत पडदा होता, डॉक्टर त्याला पीयूव्ही म्हणतात. पहिल्याच महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आता क्रिएटिनिन १.४, हिमोग्लोबिन ९.८, बायकार्बोनेट १७, पोटॅशियम ४.६ आहे. बीपी ठीक आहे म्हणतात, सूज नाही. उंची १२० सेंटिमीटर. आम्ही त्याचं खेळणं बंद केलंय, पाणी मोजून देतो, मीठ जवळजवळ नाहीच, संत्री-केळी बंद. साधी सर्दी झाली तरी शाळेत पाठवत नाही. घरात सगळे म्हणतात, ट्रान्सप्लांट झालं की मग सगळं करेल. तो फार चिडचिडा झालाय. शाळेतून आला की झोपून जातो. त्याला चांगलं आयुष्य मिळावं म्हणून आम्ही अजून काय करावं?"

ताई, तुम्ही 'अजून काय करावं' असं विचारलंत. माझ्या उत्तराचा निम्मा भाग काय करणं थांबवावं याबद्दल आहे, तेव्हा जरा धीराने वाचा. आणि यातलं काहीही बदलण्याआधी तुमच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोला. ते त्याला तपासतात, मी फक्त तुम्ही लिहिलेले आकडे वाचले आहेत.

आधी क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो कचरा जो किडनी बाहेर टाकते आणि ती थकली की साचतो. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. त्यामुळे १.४ पाहून नातेवाईक म्हणतात, थोडंच तर वाढलंय. मुलांचं गणित वेगळं असतं. उंचीला ०.४१३ ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं, हे श्वार्ट्झ यांचं २००९ चं सुधारित सूत्र आम्ही रोज वापरतो. किडनी किती काम करते याचा अंदाज त्यातून मिळतो. तुमच्या मुलाचं उत्तर येतं ३५. म्हणजे आजाराच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी, आणि तीही खालच्या बाजूची. हे हलक्यात घेण्यासारखं नाही, पण डायलिसिसच्या दारात उभं असणंही नाही. जन्मजात दोष असलेल्या किडन्या बहुधा सावकाश थकतात. वयात येताना, अंग भराभर वाढायला लागतं तेव्हा उतार थोडा वेगाने होतो. ट्रान्सप्लांटची वेळ काहींना चार-पाच वर्षांत येते, काहींना त्याहून बरीच उशिरा. त्या मधल्या वर्षांत तो चौथीतून दहावीत जाईल. त्याचं बालपण म्हणतात ते हेच. ते ट्रान्सप्लांटनंतरच्या खात्यात जमा करून ठेवता येत नाही.

आता तो शाळेतून आला की झोपतो, त्याबद्दल. चिडचिड हा स्वभाव समजू नका. ९.८ हिमोग्लोबिन आणि १७ बायकार्बोनेट घेऊन तुम्ही-मी दिवसभर बाकावर बसलो तर आपणही चिडू. या वयात हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली गेलं की आम्ही त्याला रक्तक्षय म्हणतो, आणि किडनीच्या मुलांमध्ये ते ११ ते १२ च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतो. आधी शरीरातला लोहाचा साठा तपासायचा, तो कमी असेल तर लोह द्यायचं. तरीही रक्त वाढलं नाही तर एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे रक्त बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन. हे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. विदर्भातल्या मुलाचं रक्त कमी दिसलं की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीय का, हे मी विचारतोच. सिकलसेल स्वतःही किडनीला त्रास देतो, म्हणून झाली नसेल तर करून घ्या. आणि एक गोष्ट ठाम सांगतो: 'एक बाटली रक्त चढवा, तरतरीत होईल' असं कोणी म्हणालं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्याचं रक्त चढवलं की शरीरात अँटिबॉडी तयार होऊ शकतात, आणि पुढे ट्रान्सप्लांटसाठी जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. जिवावर बेतलं तर रक्त द्यावंच लागतं. तरतरीसाठी देऊ नये.

बायकार्बोनेट १७ म्हणजे रक्तात आम्ल साचलंय. हे आम्ल मुरवायला शरीर हाडातलं कॅल्शियम आणि स्नायूतलं प्रथिन खर्च करतं. भूक मरते, उंची अडते, पाय दुखतात. उपाय अगदी साधा आणि स्वस्त आहे, सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या. आकडा २२ च्या वर आणायचा. गोळ्या मोठ्या, खारट आणि दिवसातून अनेकदा घ्यायच्या असतात, म्हणून मुलं त्या पलंगामागे टाकतात. गोळी दिलीय आणि आकडा वाढत नाही, तर डोस वाढवायच्या आधी पलंगामागे बघा. चूर्ण करून पाण्यात विरघळवून घेतलेली बऱ्याच मुलांना जमते.

पाणी आणि मिठाबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण प्रेमापोटी सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

किडनीचा आजार म्हटला की पाणी कमी आणि मीठ बंद, ही समजूत आपल्याकडे मोठ्या माणसांच्या आजारावरून आली. आजोबांना मधुमेहामुळे किडनीचा त्रास, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, त्यांना ते बरोबर. ज्या मुलांना नेफ्रोटिक सिंड्रोमची, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून गेल्याने येणारी सूज आहे किंवा बीपी चढलेलं आहे, त्यांनाही मीठ कमीच. पण पडद्याच्या आजारातल्या बहुतेक मुलांच्या किडन्या उलट वागतात. त्यांना लघवी घट्ट करता येत नाही. पाणी आणि मीठ दोन्ही सतत वाहून जातं. असा मुलगा रात्री दोनदा उठून पाणी पितो, आणि ती खोड नसते, गरज असते. त्याचं पाणी मोजलं की रक्त घट्ट होतं, किडनीकडे पुरेसं रक्त पोचत नाही आणि क्रिएटिनिन चढतं. मग ते चढलं म्हणून घरचे पाणी अजून कमी करतात. मीठ तोडलं तर बीपी खाली येतं, थकवा वाढतो, वाढ खुंटते. यातल्या काही मुलांना आम्ही औषध म्हणून मीठ देतो, हे ऐकून आज्या माझ्याकडे संशयाने बघतात.

बीपी ठीक, सूज नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला असण्याची शक्यता मोठी आहे. खात्री करायचा मार्ग घरीच आहे. एक दिवस, सुट्टीचा धरा, त्याची चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजा आणि वहीत लिहा. प्यायलेलं पाणीही लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: याच्या किडनीतून मीठ वाहून जातं का? याचं पाणी का मोजायचं? उत्तर 'मोजायची गरज नाही' असं आलं तर त्याच दिवशी घरातला तो मोजायचा पेला कपाटात टाका.

नागपुरात हा प्रश्न मे महिन्यात जीवघेणा होऊ शकतो. बाहेर ४५ अंश, कूलरसमोर बसूनही अंग सुकतं. लघवी घट्ट न करता येणारं मूल अशा हवेत एखाद्या दुपारी उलट्या-जुलाबाने इतकं सुकतं की किडनीचं उरलंसुरलं काम त्या दोन दिवसांत जातं आणि सगळं परत येत नाही. तेव्हा उन्हाळ्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: उलट्या-जुलाब झाले तर कोणती औषधं थांबवायची, ओआरएस किती, भरती कधी करायचं. एनालाप्रिल किंवा रामिप्रिल हे बीपीचं, किडनी जपणारं औषध चालू असेल तर ते अशा वेळी सहसा तात्पुरतं थांबवतात, पण ते तुमच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं असावं. रात्री दोन वाजता आठवणीवर विसंबू नका. एरवी ही औषधं फार मोलाची आहेत. २००९ साली छापून आलेल्या युरोपातल्या एस्केप अभ्यासात ३८५ मुलं होती. रामिप्रिल सगळ्यांनाच होतं, पण ज्यांचं बीपी जास्त काटेकोरपणे खाली ठेवलं त्यांच्या किडन्या जास्त टिकल्या. म्हणून बीपी 'ठीक आहे' एवढं ऐकून उठू नका. आकडा विचारा, आणि मुलांच्या मापाचा पट्टा वापरला होता का तेही विचारा.

मेडिकल स्टोअरमधून तापावर किंवा अंगदुखीवर आणलेलं आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, डायक्लोफेनॅक याला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल चालतं. आणि सर्दी-खोकला नसताना ताप आला तर आधी लघवीची तपासणी, मग अँटिबायोटिक.

संत्री. नागपुरात राहून मुलाला संत्रं न देणं ही शिक्षा आहे, आणि ४.६ पोटॅशियमला ती शिक्षा कशासाठी? एका मध्यम संत्र्यात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, मध्यम केळ्यात चारशेच्या आसपास. पोटॅशियम साडेपाचच्या पुढे सरकू लागलं तर फळं मोजायची, आलू चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी टाळायचं. तोवर एक संत्रं सुखाने खाऊ द्या. तुमच्या बंदीच्या यादीत नसलेल्या दोन गोष्टी मात्र कायमच्या बंद. एक, शाळेबाहेरच्या गाडीवर तिखट-मीठ लावून मिळणारं कमरख, चांदणीसारख्या फोडींचं. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनी टाकू शकत नाही. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही जातो. दुसरी, 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं. सैंधवाबद्दल विचारतात सगळे: ते साध्या मिठासारखंच मीठ आहे, त्याने फायदाही नाही.

डाळ, अंडी, दूध या वयात तोडायचं नाही. मोठ्यांना प्रथिनं कमी करायला सांगतात, वाढत्या मुलाला त्याच्या वयाला लागतात तेवढी द्यायचीच. फॉस्फरस वाढला असेल तर आधी पाकिटातलं बंद करा: कुरकुरे, झटपट नूडल्स, कोला, चीजच्या चकत्या. त्यात टिकण्यासाठी घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, डाळीतलं तेवढं शोषलं जात नाही. रविवारी सगळं घर तर्री-पोहे खातंय आणि हा वेगळ्या ताटात बिनमिठाचा भात खातोय, असं होऊ देऊ नका. मीठ वाहून जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर त्याला वैद्यकीय आधारही नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही, आणि बहुतेक आया लिहीत नाहीत. त्याची चड्डी ओली होते का?

पडद्याच्या आजारात मूत्राशयाने गर्भातच महिनोन्महिने अडथळ्याविरुद्ध जोर लावलेला असतो. पडदा काढला तरी मूत्राशय जाड, हट्टी, पूर्ण रिकामा न होणारा राहू शकतो. त्यात लघवी भरपूर. परिणाम असा की मधल्या सुट्टीपर्यंत थेंब-थेंब गळतं, गणिताच्या तासाला वास यायला लागतो, आणि शेजारचा मुलगा जागा बदलून घेतो. असाच एक मुलगा माझ्याकडे येतो. त्याची आई सांगायची, 'डॉक्टरसाहेब, हा शाळेत पाणीच पीत नाही, हट्टी आहे.' आईला बाहेर बसवून त्याला विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, 'पाणी पिलं तर जा लागते. सर एकदाच सोडतात. अन् तिथं दाराले कडी नाही.' एवढं सगळं त्या हट्टात होतं. त्याचं क्रिएटिनिन सुधारायला नवीन औषध लागलं नाही. शाळेला एक चिठ्ठी लागली, आणि दाराला एक कडी, ती वडिलांनी स्वतः नेऊन बसवली.

तुमच्या शाळेसाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर असं लिहून घ्या: 'या विद्यार्थ्याने दर दोन तासांनी लघवीला जाणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. त्याने हात वर केल्यास कारण न विचारता सोडावे. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. कृपया याबाबत वर्गासमोर चर्चा करू नये.' शेवटचं वाक्य विसरू नका. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा, मुख्याध्यापकांना दिलेला कागद फायलीतच राहतो. दप्तरात एक जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा. घरी त्याला दोनदा लघवी करायची सवय लावा: एकदा करून झाली की दोन मिनिटं थांबून पुन्हा. त्यानेही गळणं थांबलं नाही, किंवा सोनोग्राफीत लघवी उरलेली दिसली, तर मूत्राशयाची दाब-तपासणी लागेल. काहींना दिवसातून काही वेळा बारीक नळीने लघवी काढायला शिकवतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण नऊ वर्षांचा मुलगा ते स्वतः शिकतो, आणि कोरड्या चड्डीने शाळेत जायला मिळालं की ती नळी तो स्वतःहून दप्तरात ठेवतो.

तुमचे डॉक्टर रिपोर्ट बघून 'ठीक आहे' म्हणतात, त्यांची बाजूही सांगतो. बाहेर रांग लागलेली असते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पहाटे निघालेली माणसं बसलेली असतात. मग कागद बघून होतो, मूल बघायचं राहतं. पण जगभरात हा विषय आता पुढे सरकला आहे. किडनीच्या आजारातल्या मुलांच्या उपचारांचं यश कशावर मोजावं, हे ठरवायला 'साँग-किड्स' नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला. त्यात डॉक्टरांबरोबर मुलं आणि पालकही होते. शेवटी पाच गोष्टी ठरल्या. किडनीचं काम, जंतुसंसर्ग, जगणं-वाचणं आणि बीपी या चार कोणीही सांगितल्या असत्या. पाचवी होती आयुष्यात सहभाग, म्हणजे शाळा, खेळ, मित्र, घरातली कार्यं यात मूल आहे की नाही. तिला बाकी चारांच्याच रांगेत बसवलंय.

हे मोजायला प्रश्नावल्याही आहेत. जेम्स वार्नी यांची पेड्सक्यूएल सगळ्यांत जास्त वापरली जाते: २३ प्रश्न, शरीर, मन, मित्र आणि शाळा असे चार भाग, मुलासाठी वेगळा फॉर्म आणि आई-वडिलांसाठी वेगळा. हे दोन फॉर्म शेजारी ठेवले की अनेकदा आई-वडिलांचे गुण मुलापेक्षा कमी निघतात. आईला वाटतं याचं आयुष्य फार वाईट चाललंय, मुलाला तितकं वाटत नसतं. आणि मुलाला ज्याचं खरंच वाईट वाटतं ते आईच्या फॉर्ममध्ये नसतं. तुम्हाला उंचीची काळजी असेल, त्याला कदाचित क्रिकेटमध्ये फक्त स्कोअर लिहायला बसवतात याची असेल. फॉर्म मिळाला नाही तरी चालेल. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचा नंदी घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा म्हणून पैसे मिळवतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक गावठी प्रश्न विचारतो: तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन गेला होतास का, आणि बोजारा किती मिळाला? जो मुलगा रुपये मोजून सांगतो, कोणाच्या घरी काय खायला दिलं ते सांगतो, त्याचं बरं चाललेलं असतं, क्रिएटिनिन काही का असेना. जो आईकडे बघतो आणि आई म्हणते 'गर्दीत इन्फेक्शन होईल म्हणून पाठवलं नाही', तिथे मी पेन खाली ठेवतो.

तेव्हा डॉक्टरांशी बोलणं झालं की खेळ त्याच दिवसापासून सुरू. धावणं, क्रिकेट, सायकल, पोहणं, कबड्डीसुद्धा. या पायरीवर बीपी ताब्यात असलेल्या मुलाने खेळल्याने किडनी खराब होत नाही. न खेळल्याने हाडं, स्नायू आणि दोस्ती नक्की खराब होतात. रक्त आणि बायकार्बोनेट सुधारेपर्यंत तो लवकर दमेल, दमला की तो स्वतः थांबेल. बाटली सोबत असू द्या, आणि मे महिन्यात सकाळी किंवा दिवेलागणीनंतर. साध्या सर्दीला शाळा बुडवायची नाही. आपल्या मुलांच्या शाळेचे दिवस आजारापेक्षा तपासण्यांमध्येच जास्त जातात. त्यासाठी रक्त आदल्या शनिवारी देऊन रिपोर्ट हातात घेऊनच ओपीडीला या, म्हणजे दोन खाडे वाचतात.

उंचीबद्दल थोडक्यात. १२० सेंटिमीटर म्हणजे या वयाच्या तक्त्यावर तळाच्या रेषेजवळ. आधी आम्ल, रक्त, मीठ-पाणी, जेवण आणि हाडांची तपासणी (कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच हे हाडांवर परिणाम करणारं संप्रेरक, ड जीवनसत्त्व) रुळावर आणायची. सहा महिने-वर्षभर उंचीचा वेग बघायचा. तरी वाढला नाही तर वाढीच्या संप्रेरकाची रोजची इंजेक्शनं हा मार्ग आहे, महाग आहे पण किडनीच्या मुलांमध्ये त्याचा उपयोग होतो. तो वयात यायच्या आधी, ट्रान्सप्लांटच्या आधी करायचा, म्हणून हा प्रश्न लांबवू नका. टॉनिकने उंची वाढत नाही. किडनी 'साफ' करणाऱ्या पुड्या आणि काढे तर घरात आणूच नका, त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

लसींची वही तपासा. हेपॅटायटिस बी, न्यूमोकोकल आणि कांजिण्यांची लस आता पूर्ण करा. ट्रान्सप्लांटनंतर कांजिण्यांसारख्या जिवंत लसी देता येत नाहीत.

पुढचं आत्ताच सगळं वाचायची गरज नाही, पण दिशा माहीत असू द्या. किडनीचं काम वीसच्या खाली जायला लागलं की ट्रान्सप्लांटची बोलणी सुरू करायची. डायलिसिसची वाट न बघता आई-वडिलांपैकी कोणाची किडनी देता आली तर मुलाची वाढ आणि शाळा दोन्हीचं भलं होतं. आता आपल्या नागपुरातही ट्रान्सप्लांट होतात, आणि मेंदूमृत दात्यांच्या किडन्यांची यादी विदर्भासाठी नागपूरचं झेडटीसीसी, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं विभागीय समन्वय केंद्र सांभाळतं. पण एका नव्या किडनीवर सगळं आयुष्य निघेलच असं नाही, औषधं रोज आणि जन्मभर घ्यावी लागतात. 'झालं की सगळं करेल' या वाक्याला म्हणूनही माझा विरोध आहे.

मध्ये डायलिसिस लागलंच तर शहराबाहेरच्या मुलांसाठी मी पोटाच्या डायलिसिसकडे झुकतो. हिमोडायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, वर प्रवास. गडचिरोलीच्या मुलाची शाळा तिथेच संपते. पोटाचं डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात पिशवीतलं द्रव भरून काही तासांनी काढून टाकणं, आई घरी करते. त्याचीही किंमत आहे: पिशवी जोडताना धूळ उडू नये म्हणून पंखा-कूलर बंद, खिडक्या बंद, तोंडाला मास्क, आणि हे मे महिन्यात दिवसातून चार वेळा. मशीन मिळालं तर ते रात्री झोपेत होतं. कोणतं घ्यायचं हे ठरवताना आईला झोप किती मिळेल हेही विचारात घ्या असं मी सांगतो.

पैशाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. डायलिसिसच्या रुग्णांना साध्या एसटीत मोफत प्रवास आहे. डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटसाठी जाताना रेल्वेत स्लीपरला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकालाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र चकरा मारू नका, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही.

आणि ताई, तुमच्याबद्दल. पत्रात सासूबाईंचं काही लिहिलं नाहीत, पण 'पोटात असताना हिने काय खाल्लं' हा प्रश्न बहुतेक घरांत एकदा तरी निघतो. उत्तर असं द्या: पडदा गर्भात बनतो, फक्त मुलग्यांमध्ये, आणि आईच्या खाण्या-पिण्याशी त्याचा संबंध नाही. मी सांगितलं म्हणून सांगा. ओपीडीची एक फेरी आड एक वडिलांनी करावी, औषधांची वेळ त्यांनाही पाठ असावी. मोठी बहीण किंवा धाकटा भाऊ असेल तर आठवड्यातला एखादा तास फक्त त्यांचा ठेवा, त्या वेळात किडनीचं नाव नको.

मुलाला आजार सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, फक्त त्याला अर्धवट कळलेलं जास्त भीतीदायक असतं. 'तुझ्या किडन्या लहानपणापासून कमी काम करतात, म्हणून ही गोळी रक्तासाठी, ही आम्लासाठी.' एवढं पुरे आहे सध्या. मोठेपणी औषधं बुडवणारी मुलं बहुतेक अशी असतात ज्यांची गोळी सोळाव्या वर्षापर्यंत आईने हातावर ठेवली. तेव्हा या महिन्यापासून डबीत गोळ्या त्याने भरायच्या, तुम्ही मोजायच्या. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी 'कसा आहे?' विचारलं की तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या.